खारा वारा आणि काळा सूट

गुरुवार

मुंबईत वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घेऊन माणूस करणार काय, हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनपासून सख्ख्या बहिणीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जानेवारीतही इथल्या समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. सांताक्रूझला पारा १६ वर उतरला की 'मुंबई गारठली' असे मथळे येतात आणि लोकलच्या दारात माकडटोप्या दिसायला लागतात. १९६२ च्या जानेवारीत इथे ७.४ अंशांची नोंद झाली होती, पण ती थंडी आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे.

या वेळी निमित्त भाचीचं. ती पुण्यात इंजिनिअरिंग करते आणि फेब्रुवारीत ऋषिकेशला कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, शिकायला चाललीय. तिथली गंगा म्हणजे नुकतंच डोंगरातून उतरलेलं पाणी, आणि शिकणारा माणूस होडीत कमी, पाण्यात जास्त असतो. तिचा फोन आला, "मामा, सूट कुठला घेऊ?" म्हटलं, फोटो बघून घ्यायची ही वस्तू नव्हे. चार दिवस इकडे ये, घालून वल्हव, मग ठरव.

आली ती गुळाच्या पोळ्यांचा डबा घेऊन. संक्रांत कालच झाली होती. सामान टाकून आम्ही थेट लोअर परळला एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलो. रांगेत टांगलेले सगळे सूट काळे बघून ती म्हणाली, "संक्रांतीचा सेल दिसतोय."

दुकानातला मुलगा मन लावून दाखवत होता, पण त्याचं सगळं बोलणं सर्फिंगचं. सर्फिंग आणि कयाक यांत फरक आहे. सर्फरचं अंग बराच वेळ पाण्यात असतं. कयाकवाला बसलेला असतो आणि त्याचे खांदे दिवसभर फिरत राहतात. सुटावर ३/२ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ छाती-पाठीला ३ मिलिमीटर जाड आणि हातापायांना २. ऐकायला किरकोळ वाटतं; पण बाहीतला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक वल्ह्याला ताणावं लागणारं रबर. म्हणून कयाकवाल्यांमध्ये बिनबाह्यांचा, पायघोळ सूट चालतो. त्याला फार्मर जॉन म्हणतात, बायकांच्या मापाचा असेल तर फार्मर जेन. आतून पातळ पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, वरून वारा अडवणारं जॅकेट, आणि खांदे मोकळे.

मी तिला ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघू दिलं नाही. उकिडवी बस म्हटलं. हात वर कर. आता वल्हं मारल्यासारखी कमरेतून वळ. मग पाठीच्या खोलगट भागात बोट घालून बघ, पोकळी आहे का? काखेत? मांड्यांच्या सांध्यात? जिथे पोकळी, तिथे पाणी साठतं, आणि हललीस की ते बाहेर जाऊन नवं थंड पाणी आत येतं. एवढं एकच कारण सूट निकामी करायला पुरतं, मग तो कितीही जाड असो. गळ्याशी मात्र श्वास कोंडता कामा नये. पाय आत जात नव्हता तेव्हा पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून सरकवला. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी ही युक्ती फार कौतुकाने पाहिली.

शिवण उलटून बघायला शिकवलं. साध्या सपाट शिवणीत सुई आरपार जाते, म्हणजे हजारो भोकं. गरम पाण्याला हे सूट ठीक. थंड पाण्यासाठी आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीतूनच टाका घातलेली शिवण हवी. दुकानातल्या मुलाला हे माहीत नव्हतं, पण त्याने लगेच चार सूट उलटे करून स्वतः तपासले. मला तो आवडला.

घरी आल्यावर जेवताना भाचीने इंटरनेटवरचं वाक्य ऐकवलं: आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि आपल्याला गरम ठेवतं. अर्धवट खरं आहे. ऊब धरतात ते निओप्रीनच्या फोममधले वायूचे बारीक बंद बुडबुडे. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीत १९३० साली तयार झालं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पाण्याखाली जाणाऱ्या माणसाने कोरडं राहायची गरजच नाही. कापडातच वायू कोंडलेला असेल तर अंग ओलं असून चालतं. आत पाणी शिरतं ते नाइलाज म्हणून. जितकं कमी शिरेल आणि जितकं कमी हलेल तितकं बरं.

एका स्कूबावाल्या मित्राचा ५ मिलिमीटरचा सूट उसना आणून ठेवला होता. तो उचलूनच भाचीचा चेहरा पडला.

शुक्रवार

कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी सातला मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून निघालं तर भरतीचं पाणी आपणहून मनोरीच्या खाडीत आत नेतं आणि दहानंतर ओहोटी परत आणून सोडते. मोबाइलवर भरतीचा तक्ता बघितला तर दोन्हीत फारसा फरक नव्हता. तक्ता बघावाच, पण तिथीवरून ताळा करायची सवय चांगली.

ओळखीच्या एकाच्या दोन कयाक मार्वेला ठेवलेल्या असतात, बसायचं वरच्या बाजूला अशा, सिट-ऑन-टॉप. या होड्यांत मांडीवर पाणी येतच राहतं, तेव्हा अंग कोरडं ठेवण्याच्या गप्पा सुरुवातीलाच संपतात. पहाटे हवा १७ अंशांची, मतलई वारा नावापुरता. फेरीबोटीची वाट बघणारे लोक शाली गुंडाळून उभे. पाण्यात हात घातला तर चक्क कोमट लागलं. माशांच्या टाकीचा थर्मामीटर आणला होता, त्यात २५ दाखवत होतं.

भाचीने अंगात पूर्ण बाह्यांचा ३/२ घातला. मी चड्डी, लायक्राचा टी-शर्ट आणि वर पातळ जॅकेट. किनाऱ्यावर तिला ऊब, मला शिरशिरी. मनोरीची जेट्टी मागे पडेपर्यंत चित्र उलटं झालं होतं. वल्हवणं म्हणजे काम, आणि कामाने शरीर तापतं. तिचा चेहरा लाल, कपाळावर घाम, गळ्याची कॉलर दोन बोटांनी ओढून धरलेली. "मामा, यात मी शिजतेय." मी तिला पाण्यात उतरून डुंबायला सांगितलं. वर आली तेव्हा जरा माणसात होती. नंतर चेन उघडून सूट कमरेपर्यंत सोलला आणि बाह्या पोटाशी बांधल्या. मुंबईच्या पाण्यात पूर्ण सूट घालून जोराने वल्हवणाऱ्याला थंडीपेक्षा उष्माघाताची भीती जास्त.

तोवर खाडी उजळली होती. तिवरांची श्वासमुळं पाण्याखाली चालली होती, फांदीवर खंड्या, चिखलाच्या उरल्यासुरल्या पट्टीवर तुतवारांची लगबग. गोराईच्या बाजूला तिवरांच्या वर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस एकदम उभा राहतो. खाली काठावर शेकडो वर्षं असेल तसंच सगळं, आणि वर हे २००९ सालचं झळझळीत शिखर. मला ते दृश्य आवडतं, भाचीला फारसं पटलं नाही.

डोल जाळ्यांची मात्र नीट ओळख करून दिली. प्रवाहात रोवलेले खांब, त्यांना बांधलेली पिशवीसारखी लांब जाळी. भरती-ओहोटीच्या जोरावर मासळी आपणच आत जाते, आणि कयाकवालाही जाऊ शकतो. खांबाच्या वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडून, कधीच जवळ जायचं नाही. एका कोळीदादांनी होडीतूनच विचारलं, "ही पोर कुठची? आणि हे काळं काय घातलंय?" ऋषिकेशचं ऐकल्यावर म्हणाले, "मग गंगेत जाऊन घाला ना."

परतताना आम्ही अदलाबदल केली. मी सुटाच्या बाह्या चढवून मुद्दाम थोडा वेळ वल्हवलो. थंडी नाही, गरमी सोसली. पण खांद्याच्या मागचे स्नायू लवकर भरून आले. प्रत्येक वेळी हात पुढे नेताना रबर मागे खेचतं. दुकानात दहा वेळा हात वर करून हे कळत नाही, तासभर वल्हवल्यावर कळतं. तिने वहीत लिहिलं: बाह्या नकोत.

शनिवार

आज दुपारची वेळ मुद्दाम निवडली. चतुर्दशी, साडेदहाला भरती, म्हणजे दुपारी ओहोटी चालू. याच वेळी वायव्येचा खारा वारा जमिनीकडे सुटतो. खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय, दोघे एकमेकांना भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि चिडलेल्या होतात. तिथे शिकाऊ माणसाला नेणं वेडेपणा. आम्ही मनोरीच्या बाजूला, मुख्य प्रवाह सोडून, कमरेएवढ्या पाण्यात थांबलो. मी समुद्राकडच्या अंगाला कयाक आडवी धरून उभा, ती आत. पाठीवर ऊन, हवा २९ अंश. तिच्या अंगात लायक्राचा टी-शर्ट, चड्डी आणि लाइफ जॅकेट.

होडी उलटायची, खालून बाहेर यायचं, होडी सरळ करायची, पोटावर चढायचं, फिरून बसायचं. पुन्हा उलटायची. मध्येमध्ये बसून दम खायचा, आणि दम खाताना वारा अंगावर. तोंड बंद ठेवायला बजावलं होतं, कारण ओहोटीबरोबर वरच्या वस्त्यांचं सांडपाणीही खाली येतं. मार्वे दिसायला छान आहे, पण पाणी पिण्यालायक सोडा, चूळ भरण्यालायकही नाही.

साधारण पाऊण तासाने तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मग दातावर दात. मला म्हणते, "मामा, काल १७ अंशांत मी घामाघूम होते, आज २९ मध्ये कुडकुडतेय. असं कसं?"

उत्तर समोरच्या काठावर टांगलेलं होतं. मनोरीला बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते, तोंडात तोंड अडकवून ओळीने. थंडीच्या दिवसांतला हा कोरडा वारा बोंबलातलं पाणी ओढून नेतो, तसंच ओल्या टी-शर्टातलं नेतो. फरक इतकाच की बोंबलाला आतून ऊब द्यावी लागत नाही, तुला द्यावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढंच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० पुरतात. ही सगळी उष्णता कातडीतून जाते. शिवाय मधला वेळ २५ अंशांच्या पाण्यात. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि अंगाच्या ३७ अंशांपुढे २५ म्हणजे बारा अंशांचा उतार. कोमट वाटणारं पाणीही माणसाला हळूहळू गार करतं.

वारा अडवणारं जॅकेट तिच्या अंगावर चढवलं, तेही ओल्या टी-शर्टवरूनच. पाच मिनिटांत थरथर थांबली. इतका स्वस्त इलाज! खालचं कापड तेवढंच ओलं, फक्त वरून वारा लागत नाही. मग तिला ५ मिलिमीटरचा उसना सूट ओला करून वाऱ्यात बसायला सांगितलं. त्यात ती गारठली नाही, पण बाहेरचं नायलॉनचं अस्तर ओलं असतं, वाऱ्याने ते सुकताना सूटच थंड पडतो, हे तिला पाठीवर जाणवलं. छातीवर गुळगुळीत, बिनअस्तराचं रबर असलेले सूट यासाठीच मिळतात. पाणी ओघळून जातं, सुकायला काही उरत नाही. पण कयाकच्या लाइफ जॅकेटखाली ते घासून फाटतात. त्यापेक्षा साधा सूट आणि वर जॅकेट हे मला जास्त पटतं. लाइफ जॅकेटचा फोमही छाती-पाठीला झकास ऊब देतो, त्याचं श्रेय कुणी देत नाही.

थर्मासमधला आल्याचा चहा आणि गुळाची पोळी, वर तूप नाही म्हणून भाचीची तक्रार. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी साखर जाळणं. तेव्हा अशा वेळी खाणं हा लाड नाही. तिने तीन पोळ्या संपवल्या आणि मग म्हणाली की सुती टी-शर्ट तिने सॅकमध्येच ठेवून द्यायचं ठरवलंय. मी काही बोललो नव्हतो. कापूस पाणी धरून ठेवतो, हे तिने सकाळी सहज घातलेल्या ओढणीवरूनच ओळखलं.

किनाऱ्यावर कालवांच्या खडकावर तिच्या पायाची टाच चिरली. छोटंसं. निओप्रीनच्या बुटांचं मी सांगत होतो ते ऊब म्हणून. तिला जाड तळ का हवा ते कालवांनीच समजावलं. गोड्या पाण्याने धुऊन, जंतुनाशक लावून, पट्टी.

संध्याकाळी बोरिवलीत सूट धुतले. मीठ, वाळू, खाडीची घाण, सगळं साध्या पाण्याने काढायचं, गरम पाणी नको. उलटा करून सावलीत. उन्हाने निओप्रीन कडक होऊन भेगा पडतात. तारेच्या हँगरवर खांद्याने टांगला की खांदे ताणून बसतात, म्हणून कमरेत दुमडून जाड दांडीवर. गॅलरीत काळी धडं लोंबकळलेली बघून समोरच्या इमारतीतल्या आजींनी आमच्या बायकोला फोन करून चौकशी केली.

रविवार

गंगेचं पाणी मुंबईत आणायचं कसं? मासळी बाजारातून. सकाळीच बर्फाचे तुकडे आणले. हिशोब सोपा आहे: २५ अंशांचं १०० लिटर पाणी १२ वर आणायला साधारण १४ किलो बर्फ लागतो. गच्चीवर जुना प्लॅस्टिकचा पिंप ठेवला, सेक्रेटरींना आधी कल्पना दिली, आणि पाण्यात थर्मामीटर सोडला. बायको म्हणाली, "लग्नात सरबताला एवढा बर्फ लागला नव्हता."

अंग बुडवायचं नाही, फक्त पाय आणि हात, हा माझा नियम. भाचीने आधी उघडा पाय गुडघ्यापर्यंत घातला आणि श्वास आत अडकला. हाच तो धक्का. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाला माणूस धापा टाकत श्वास घेतो, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर बुडतो. थंडीने मरायची वेळ फार पुढे असते. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त हे संशोधक याला एक-दहा-एक म्हणतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हात नीट चालतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला तासभर. हे आकडे अगदी गार पाण्याचे, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाबरून पहिल्या मिनिटात पोहायला लागणं हे सगळ्यात वाईट.

मग एका पायात ३ मिलिमीटरचं निओप्रीन, दुसरा उघडा. उघडा पाय थोड्या वेळात दुखायला लागला, नंतर बधिर. निओप्रीनमधल्या पायात घोट्याकडून थंड रेघ आत सरकली आणि तिथेच थांबली. मापात बसलेल्या सुटाचं लक्षण तेच. मग निओप्रीनचा पाय मुद्दाम उघडून ढिला करून बघितला, तर प्रत्येक हालचालीला नवा गारवा. चार दिवस मी तोंडाने सांगत होतो ते पिंपाने दोन मिनिटांत सांगितलं.

हातांनी खरी मजा आणली. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून मग तिला लाइफ जॅकेटचं बक्कल लावायला सांगितलं. जमेना. बक्कल दिसतंय, बोटं तिथे आहेत, पण अंगठा ऐकत नाही. ती आधी हसली, मग गप्प झाली. पाण्यात पडण्याआधीच सगळं बांधून का ठेवायचं, चेनला लांब दोरी का लावायची, हे तिने स्वतःच बोलून दाखवलं आणि तिथल्या तिथे सुटाच्या चेनला दोरी ओवली.

दुपारी जेवण झाल्यावर यादी. ३ मिलिमीटरची फार्मर जेन, चिकटवून शिवलेली, बेताची घट्ट. आत पूर्ण बाह्यांचा पातळ थर्मल. वरून मनगट आणि गळ्याशी आवळता येणारं जॅकेट. जाड तळाचे निओप्रीनचे बूट. हेल्मेटखाली पातळ निओप्रीनची टोपी, कारण उलटं पडल्यावर थंडीचा पहिला फटका डोक्याला आणि कानांना. ५ मिलिमीटरचा सूट मित्राला परत. आणि तिथल्या शिबिरवाल्यांना फोन करून विचारायचं की त्यांच्याकडे भाड्याने काय मिळतं. तिथली नदी ते रोज बघतात, मी नाही.

हातमोज्यांवर मात्र एकमत होईना. जाड हातमोजे घातले की वल्ह्याची पकड कळत नाही आणि मनगट लवकर थकतं. दुसरा प्रकार म्हणजे पोगी: वल्ह्याच्या दांडीवर अडकवलेली पिशवी, हात आत घालून उघड्या तळव्याने दांडी धरायची, पडलो तर हात झटकन बाहेर. मला तो प्रकार आवडतो. भाचीला हवाच होता, पण लोअर परळला तो नव्हता आणि मागवायला वेळ कमी. तिची गाडी पाच वाजून दहाची.

"दाखव बरं फोटो," मामी म्हणाली. फोटो बघितला, मोठा करून बघितला, शिवण कुठे आहे ते विचारलं. मग कपाटावरून माझा जुना रेनकोट काढला, त्याची बाही कापली तर चालेल का हे मला न विचारताच टेप घेऊन बसली, आणि भाचीला म्हणाली, "वल्ह्याच्या दांडीची जाडी किती ते सांग."